आकडा खरा लिहावा : डॉ. वसंत गोवारीकर



आषाढ पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले. वाचन संपले, चहा झाला, बायाबापड्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी मला हाक मारली. "भाऊ, तू हापिसात पावसाचे आकडे लिहितो म्हणतेत. मग सांग की, पाणी कव्हा पडंल? पोरगं बियाण्याच्या उधारीला निघालंय."

मी म्हणालो, "मावशी, मी पडलेल्या पावसाचा आकडा लिहितो. पडायच्या पावसाचा नाही." सगळे हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मुलाने बटईने जमीन केली आहे. पाऊस लांबला तर बियाणे मातीत जाणार आणि उधारी डोक्यावर राहणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

घरी येताना मनाला रुखरुख लागली. पडायच्या पावसाचा आकडा आधी सांगण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शास्त्रज्ञाने अंगावर घेतले होते. त्यांचे नाव डॉ. वसंत गोवारीकर. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात अवकाशाच्या धड्यात साराभाई आणि कलाम असतात, पण गोवारीकरांचे नाव आपल्या घरांत फारसे कुणाला ठाऊक नाही. म्हणून या वेळी त्यांच्याविषयी लिहितो.

गोवारीकरांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. पुढे ते इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. गार्नर यांच्या हाताखाली त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. विषय ऐकायला अवघड आहे. घन पदार्थ आणि त्याच्या भोवतीचे वाहते पाणी किंवा हवा यांच्यात उष्णतेची आणि पदार्थाची देवाणघेवाण कशी होते, असा तो विषय. पण आपण तो रोज घरात पाहतो. दोरीवरचे ओले लुगडे वाऱ्याने लवकर वाळते, चहा ढवळला की साखर लवकर विरघळते, ते याच देवाणघेवाणीमुळे. गुरू-शिष्यांनी याचे जे गणित मांडले, त्याला 'गार्नर-गोवारीकर सिद्धांत' असे नाव पडले. नंतर त्यांनी इंग्लंडमध्येच हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आणि पुढे अग्निबाणांच्या इंजिनांवर काम केले. पगार चांगला, प्रयोगशाळा चांगली. पण डॉ. विक्रम साराभाईंनी बोलावले आणि १९६७ साली ते केरळातल्या थुंब्याला आले.

थुंबा म्हणजे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. तिथल्या जुन्या चर्चच्या इमारतीत आपल्या अवकाश संशोधनाची सुरुवात झाली होती आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला छोटा अग्निबाण उडाला होता. तो अग्निबाण परदेशी होता. आपला स्वतःचा उडवायचा तर त्यात भरायचे इंधनही आपले हवे. ते काम गोवारीकरांनी हाती घेतले.

दिवाळीतल्या बाणात दारू ठासतात, तसेच हे घन इंधन असते असे समजा. पण फरक मोठा आहे. जळणारा पदार्थ आणि त्याला जळायला लागणारा प्राणवायू देणारा पदार्थ, हे दोन्ही रबरासारख्या चिकट द्रव्यात कालवून साच्यात ओततात आणि घट्ट होऊ देतात. आत एखादा बुडबुडा राहिला किंवा बारीक तडा गेला तर आग वेडीवाकडी पसरते आणि सगळा अग्निबाण फुटतो. एकदा पेटले की ते विझवता येत नाही, म्हणून चूक शोधायची ती पेटवण्याच्या आधी. हे इंधन आपल्या देशात बनवण्याची विद्या ज्या लोकांनी उभी केली, त्यांत गोवारीकर आघाडीवर होते. १९७९ ते १९८५ या काळात ते थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एस.एल.व्ही.-३ हा आपला पहिला उपग्रहवाहक श्रीहरिकोट्याहून सोडला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाली आणि तो बंगालच्या उपसागरात पडला. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम. चूक कुठे झाली ते शोधले, दुरुस्त केले आणि १८ जुलै १९८० रोजी पुन्हा उड्डाण केले. सुमारे १७ टन वजनाच्या त्या वाहकाने ४० किलोच्या आसपास वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते.

१९८६ साली गोवारीकर दिल्लीत केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. त्या काळात हवामान खाते याच विभागाकडे होते. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, देशात भीषण दुष्काळ पडला. मोसमी पाऊस सरासरीच्या सुमारे १९ टक्के कमी झाला. सरकारी खुर्चीतला माणूस अशा वेळी एखादी समिती नेमून मोकळा होतो. गोवारीकर स्वतः गणिताला बसले.

मोसमी पावसाचा अंदाज हे काम तसे जुने. १८७५ साली हवामान खाते निघाले. १८८६ साली ब्लॅनफर्ड या अधिकाऱ्याने हिमालयावरच्या बर्फावरून अंदाज द्यायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवून आपल्या पावसाचा संबंध पार प्रशांत महासागराशी लावून दाखवला. पण त्या पद्धतीचे अंदाज पुरेसे नेमके येत नव्हते. गोवारीकरांनी हवामान खात्यातल्या थपलियाल व इतर शास्त्रज्ञांना सोबत घेऊन सोळा खुणा निवडल्या. हिमालयावर आणि युरोप-आशियात हिवाळ्यात किती बर्फ पडला, प्रशांत महासागराचे पाणी किती तापले, ठरावीक ठिकाणी हवेचा दाब आणि तापमान किती, वरचे वारे कसे, अशा त्या खुणा होत्या.

आम्ही बी.कॉम.वाले याला सोळा खात्यांची खतावणी म्हणू. पहिली पायरी म्हणजे किती खुणा अनुकूल आणि किती प्रतिकूल ते मोजायचे. बहुतेक अनुकूल असतील तर पाऊस ठीक. दुसरी पायरी अवघड. प्रत्येक खुणेचे वजन गणिताने ठरवायचे आणि शेवटी एकच आकडा काढायचा, की यंदा देशात सरासरीच्या इतके टक्के पाऊस पडेल. चूक झाली तर ती चार टक्के इकडेतिकडे असेल, हेही आधीच सांगून ठेवायचे.

वाचकहो, इथे जरा थांबा. पंचांगात पाऊस असतो, 'यंदा मेंढा वाहन, खंडवृष्टी'. गावचा जाणकार सांगतो, 'पाऊस पडेल, पण काही ठिकाणी ओढ देईल.' असे बोलणे कधीच चुकत नाही, कारण ते कुणाला तपासताच येत नाही. गोवारीकरांनी आकडा सांगितला. चार महिन्यांनी कुणीही वर्तमानपत्र उघडावे, पडलेल्या पावसाचा आकडा त्याच्याशेजारी ठेवावा आणि सांगावे की हा माणूस बरोबर होता की चूक. आपल्या कामाचा ताळेबंद लोकांच्या हातात देण्यासारखे ते होते.

१९८८ पासून हवामान खाते या पद्धतीने अंदाज देऊ लागले. त्या वर्षी पाऊस चांगला होईल असे सांगितले होते आणि तो सरासरीपेक्षा बराच जास्त झाला. पुढची अनेक वर्षे 'पाऊस सर्वसाधारण राहील' हा अंदाज खरा ठरत गेला. गोवारीकर १९९१ ते १९९३ या काळात पंतप्रधान नरसिंह राव यांचे वैज्ञानिक सल्लागार होते आणि १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांना १९८४ साली पद्मश्री आणि २००८ साली पद्मभूषण मिळाले. ते सचिव असतानाच, १९८७ पासून, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन शाळाशाळांत सुरू झाला. १९८८ साली याच विभागाने दिल्लीत पुढच्या काही दिवसांचे हवामान सांगणारे राष्ट्रीय केंद्र काढले आणि त्यासाठी महासंगणक आणला.

शास्त्रज्ञाने पाण्याविषयी सरकारला सल्ला द्यावा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला, तेव्हा नेमलेल्या चौकशी समितीत मेघनाद साहा हे भौतिकशास्त्रज्ञ होते. साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका गरीब दुकानदाराचे चिरंजीव. जातीमुळे कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना पंगतीत बसू दिले नव्हते. त्याच माणसाने १९२० साली ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान ओळखण्याचे समीकरण जगाला दिले. पूर का येतो आणि तो कसा आवरता येईल हे साहांनी लिहून, बोलून मांडले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि पाणी व विजेची योजना त्यांच्याच खात्यात येत होती. बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढे रेटली आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. सल्ला देणारा जाणता हवा आणि ऐकणारा त्याहून जाणता हवा, असे तेव्हा घडले होते.

आता गोवारीकरांच्या आकड्याचे पुढे काय झाले ते सांगतो. कौतुकाच्या लेखांत हा भाग बहुधा येत नाही.

२००२ साली हवामान खात्याने याच पद्धतीने सांगितले की पाऊस सरासरीच्या १०१ टक्के होईल. प्रत्यक्षात तो ८१ टक्के झाला. पेरणीचा जुलै महिना निम्म्या पावसावर गेला. देशभर टीका झाली. ती व्हायलाच हवी होती, कारण अंदाज चार-पाच टक्क्यांनी नव्हे, वीस टक्क्यांनी चुकला होता.

शोध घेतल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही की निवडलेल्या खुणांपैकी काहींचे पावसाशी असलेले नाते काळाबरोबर सैल झाले होते. दुसरी ही की १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत, देशाची सरासरी पाहता, एकही मोठा दुष्काळ पडलाच नव्हता. पाऊस बरा पडत होता आणि अंदाजही 'बरा' असाच येत होता, त्यामुळे पद्धतीची खरी परीक्षा झालीच नव्हती. पोर दरवर्षी सोप्या पेपरात पास होत राहावे, तसे ते होते. २००३ साली हवामान खात्याने सोळा खुणांची पद्धत बाजूला ठेवून आठ आणि दहा खुणांची नवी गणिते आणली. पुढे तीही बदलली.

मग गोवारीकर हरले का? मला तसे वाटत नाही. त्यांनी धूसर बोलणे केले असते तर २००२ साली चूक सापडलीच नसती आणि सुधारणाही झाली नसती. आकडा होता म्हणून चूक पकडता आली. १९७९ साली समुद्रात पडलेल्या अग्निबाणाचे जे केले, तेच पावसाच्या गणिताचे झाले.

या गोष्टीत माझ्यासारख्या कारकुनाचाही वाटा असतो, म्हणून एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीला एका कार्यालयात पर्जन्यमापकाची नोंदवही माझ्याकडे होती. रोज सकाळी साडेआठला पात्रातले पाणी मोजायचे आणि मिलिमीटरमध्ये लिहायचे. एका सकाळी चिखलामुळे मी उशिरा पोहोचलो. बरोबरचा सहकारी म्हणाला, "टाक शून्य, कोण बघतंय?" मी शून्य लिहिले. दुपारी आमचे हेडक्लार्क स्वतः उठून पात्र पाहून आले. त्यात पाणी होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अडीच मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस धरतात. तू पुण्याच्या वहीतला एक दिवस पुसलास." तेव्हा मला कळले की पुण्याच्या, दिल्लीच्या मोठ्या गणिताचा पाया आपल्या या चिखलातल्या पात्रात असतो. आता मंडळांच्या गावी स्वयंचलित यंत्रे आली आहेत, पण ती धड चालू आहेत की नाहीत हे पाहायला माणूस लागतोच.

दुसरी कबुली याहून मोठी आहे. २०१५ च्या जूनमध्ये हवामान खात्याने सांगितले की यंदा पाऊस सरासरीच्या ८८ टक्केच होईल. वाचनालयात बसून मी ही बातमी वाचली. नव्वदच्या खाली म्हणजे अपुरा पाऊस, हे मला ठाऊक होते. त्याच आठवड्यात गोदाकाठच्या गावात माझे दाजी बटईच्या तीन एकरांसाठी सोयाबीनचे बियाणे आणि खत उधारीवर आणत होते. मी बहिणीला फोन केला नाही. 'शेतीतले आपल्याला काय कळते, त्यांचे ते पाहतील,' असे मनात आले आणि मी पान उलटले. जूनचा पहिला पाऊस झाला, त्यांनी लगेच पेरले आणि मग आभाळ कोरडे पडले. दुबार पेरणीची उधारी वर चढली. देशात त्या वर्षी ८६ टक्के पाऊस झाला, म्हणजे खात्याचा अंदाज या वेळी जवळपास बरोबर निघाला. आपल्या मराठवाड्यात तर पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पडला. दिवाळीनंतर माझी बहीण कोयता घेऊन ऊसतोडीला गेली आणि भाचीची शाळा त्या वर्षी सुटली.

८८ टक्के हा आकडा सबंध देशाचा होता. दाजींच्या तीन एकरांत काय होईल हे त्यात लिहिलेले नव्हते, हे खरे. पण 'यंदा घाई करू नका, ओल खोल जाऊ द्या, थोड्या रानात तूर-मूग घाला,' एवढे तरी मला सांगता आले असते. डॉ. गोवारीकर त्याच वर्षी २ जानेवारीला पुण्यात वारले होते. त्यांच्या पिढीने सुरू केलेले काम चुकत, सुधारत त्या जूनमध्ये खरा आकडा घेऊन परभणीच्या वाचनालयापर्यंत आले होते. तिथून बहिणीच्या घरापर्यंत न्यायचे काम माझे होते आणि ते मी केले नाही.

म्हणून आता आमच्या विहारात एक फळा लावला आहे. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तो आमच्या वस्तीतली अकरावी सायन्सची एक मुलगी फळ्यावर लिहिते. सोबत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये, ही विद्यापीठाची जुनी शिफारसही कायम लिहिलेली असते. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी हवामानासाठी 'मेघदूत' आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही ॲप घ्यावीत. खुरपणीला जाणाऱ्या बाया झाडाखाली थांबतात आणि वीज पडून जीव जातात, तेव्हा निदान टोळीतल्या एकीजवळ तरी 'दामिनी' असावे.

माता-भगिनींनो, मुलांकडून घरी एक काम करून घ्या. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा किंवा काचेची बरणी अंगणात मोकळ्या जागी ठेवा. वर झाड नको, पत्र्याची वळचण नको. रोज सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीने आतले पाणी मोजायचे, मिलिमीटरमध्ये वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे, पण डबा पाहूनच. बेरीज ७५ झाली की शेजारच्या शेतकऱ्याला जाऊन सांगायचे.

परवा त्या मावशी फळ्यापुढे उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. मुलीने वाचून दाखवले की पुढचे पाच दिवस हलका पाऊस आहे आणि पेरणीला अजून थांबावे. मावशी म्हणाल्या, "आन् हे चुकलं तर?" मुलगी म्हणाली, "चुकलं तर शुक्रवारी तेही लिहीन, आजी." मावशींनी मान हलवली आणि मुलाला निरोप द्यायला त्या घराकडे निघाल्या.

जयभीम.